महागडे आयईएम आणि आमची नाव-सुचवा स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशासाठी आहे?

आम्ही काही हौशी मंडळींनी मिळून एक आयईएम (इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या आत बसणारा इअरफोन) घरीच जोडलाय, त्याला नाव हवंय, आणि त्यासाठी स्पर्धा ठेवलीय. स्पर्धा जाहीर केल्यापासून निम्मे प्रश्न नावाबद्दल येतात आणि निम्मे "लाख-लाख रुपयांचे इअरफोन लोक घेतात तरी का" असे येतात. दोन्हीची उत्तरं एकाच ठिकाणी असावीत म्हणून हे लिहिलंय. घाईत असाल तर स्पर्धेचे नियम शेवटी शेवटी आहेत, थेट तिकडे जा.

आयईएम म्हणजे साधे इअरफोनच ना?

हो आणि नाही. इन-इअर मॉनिटर हा स्टेजवरच्या गायक-वादकांसाठी तयार झालेला प्रकार. समोर मोठमोठे मॉनिटर स्पीकर लावले की स्टेजवर नुसता गदारोळ होतो, स्वतःचाच आवाज ऐकू येत नाही, मग आवाज अजून वाढवला जातो आणि कानाची वाट लागते. १९९५ च्या सुमारास जेरी हार्वी नावाचे साउंड इंजिनिअर व्हॅन हेलन बँडबरोबर काम करत होते, तिथले ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन यांच्यासाठी त्यांनी कानात बसणारे मॉनिटर बनवले आणि त्यातनं अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. पुढे २००८ मधे ती लॉजिटेकने घेतली, हार्वी त्याआधीच बाहेर पडून जेएच ऑडिओ काढून बसले होते.

पण त्याच्याही आधी, १९९१ मधे, एटिमोटिक या कंपनीचा ईआर-४ हा इअरफोन आला होता. तो स्टेजसाठी नव्हता, घरात बसून शांतपणे ऐकणाऱ्यांसाठी होता, आणि त्यात श्रवणयंत्रात वापरतात तसला इवलासा बॅलन्स्ड आर्मेचर (बीए) ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा भाग होता, फक्त एक. आज महागड्या आयईएममधे जे बीए ड्रायव्हर दिसतात त्यांचं मूळ श्रवणयंत्रांच्या धंद्यातच आहे, आणि नोल्स व सोनियन या त्यातल्या दोन मोठ्या कंपन्या आजही श्रवणयंत्रांसाठी माल बनवतात.

एवढी किंमत कशाची असते?

थोडी मालाची, बरीचशी हातकामाची आणि छोट्या बॅचची. सोनियनचे इलेक्ट्रोस्टॅटिक ट्वीटर, म्हणजे फक्त वरच्या, बारीक आवाजाचे ड्रायव्हर, महाग असतात आणि त्यांना वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो. फायनल या कंपनीच्या ए८००० सारख्यात शुद्ध बेरिलियमचा पडदा आहे, तो बनवणं सोपं काम नाही. शिवाय डावा-उजवा जुळवणं, म्हणजे दोन्ही बाजूंचे ड्रायव्हर मोजून जोड्या लावणं, यात माणसाचा वेळ जातो, आणि हजारोंच्या संख्येने विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तो खर्च पसरतो तसा शे-दोनशे नगांवर पसरत नाही.

उरलेली किंमत ही किंमत म्हणूनच असते. हे मी टीका म्हणून म्हणत नाही, घड्याळांत, पैठणीत, गाड्यांत सगळीकडे हे असतं. फक्त ऐकताना त्या भागाचे पैसे आवाजात शोधायला जाऊ नका, ते तिथे नाहीत.

अंदाज यावा म्हणून बाजारात आले तेव्हाचे आकडे : सेनहायझर आयई ९०० सुमारे १३०० डॉलर, ६४ ऑडिओचा यू१२टी सुमारे २०००, एम्पायर इअर्सचा ओडिन ३४०० च्या आसपास, सिंगापूरच्या सबटॉनिकचा स्टॉर्म ५००० च्या वर. आणि दुसऱ्या टोकाला सेव्हन-एचझेडचा झीरो किंवा मूनड्रॉपचा चू, २० डॉलरच्या घरात. भारतात मागवलं तर यावर कस्टम ड्यूटी आणि १८ टक्के जीएसटी धरा.

जास्त ड्रायव्हर म्हणजे जास्त चांगला आवाज, बरोबर?

नाही. आयई ९०० मधे एकच ७ एमएमचा डायनॅमिक, म्हणजे छोट्या स्पीकरसारखा, ड्रायव्हर आहे. यू१२टी मधे एका बाजूला १२ आणि त्याच कंपनीच्या यू१८टी मधे १८, तरी १८ वाला ऐकून परत १२ वर आलेले लोक भरपूर आहेत, कारण १२ चा बेस त्यांना जास्त भरीव आणि मोकळा वाटतो. ड्रायव्हर वाढले की क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या ड्रायव्हरला आवाजाचा कुठला भाग द्यायचा ते ठरवणारं सर्किट, वाढतो, नळ्या वाढतात, त्यांची फेज, म्हणजे आवाजाच्या लाटांची वेळ, जुळवायची डोकेदुखी वाढते. चांगला इंजिनिअर हे सगळं सांभाळतो, पण म्हणून आकडा हाच गुण होत नाही.

ग्राफ बघून ठरवलं तर चालेल का?

अर्धं काम होतं. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्सचा, म्हणजे खर्जापासून वरपर्यंत कुठला आवाज किती मोठा येतो त्याचा, ग्राफ ही सगळ्यात उपयोगी एक गोष्ट आहे, यात मला शंका नाही. बेस किती वर उचललाय, ३ किलोहर्ट्झच्या आसपास कानाच्या नळीमुळे जो उठाव यायला हवा तो नीट आलाय का, हे ग्राफवर स्वच्छ दिसतं. हरमन या ऑडिओ कंपनीने श्रोत्यांना बसवून, त्यांना काय आवडतं ते बघून जे टार्गेट, म्हणजे आदर्श ग्राफ, काढलं, त्याच्याशी तुलना करता येते, आणि सिंगापूरच्या क्रिनॅकलसारख्या समीक्षकांनी ढिगाने ग्राफ लोकांसमोर ठेवल्यामुळे कंपन्यांना वाट्टेल ते ट्युनिंग (आवाजाची घडण) खपवणं अवघड झालंय, हा मोठाच फायदा.

पण बहुतेक ग्राफ ७११ प्रकारच्या कपलरवर, म्हणजे कानाच्या नळीची नक्कल करणाऱ्या मोजणीच्या यंत्रावर, काढलेले असतात, आणि ८ किलोहर्ट्झच्या आसपास जो सुळका दिसतो तो पुष्कळदा आयईएमचा नसून मोजण्याच्या नळीचा असतो, आयईएम किती आत बसवलाय त्यानुसार तो सुळका सरकतो सुद्धा. तुमच्या कानाची नळी वेगळ्या लांबीची आहे. तेव्हा वरच्या ट्रेबलबद्दल, म्हणजे अगदी बारीक आवाजांबद्दल, ग्राफवरून भांडू नका, ऐकून बघा.

मग एकाच मॉडेलबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का असतात?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर मोठं आहे.

पहिलं कारण फिट. सील नीट बसलं नाही, म्हणजे कान पूर्ण बंद झाला नाही, तर बेस गळून जातो आणि तोच आयईएम पातळ, कर्कश वाटतो. ज्याला मोठी टिप (कानात जाणारी मऊ टोपी) लागते त्याने मधली लावली आणि मत लिहून मोकळा झाला, असं सर्रास होतं. अ‍ॅझला, स्पिनफिट, फायनलच्या टिप्स, फोमच्या टिप्स, या बदलल्या की आवाज बदलतो, आणि केबल बदलल्यावर होतो त्याहून कितीतरी जास्त बदलतो. म्हणून कोणी म्हणालं "अमुक मॉडेल भिकार आहे" तर आधी विचारा, टिप कुठली होती.

दुसरं कारण सोर्स, म्हणजे आयईएम ज्याला लावतो तो फोन किंवा प्लेअर. कॅम्पफायर ऑडिओचा अँड्रोमेडा २०१६ मधे आला, हिरव्या अ‍ॅल्युमिनियमचा, त्याचा इम्पिडन्स (विजेला होणारा विरोध) जेमतेम १२.८ ओहम आणि सेन्सिटिव्हिटी प्रचंड, म्हणजे थोड्या विजेतही मोठ्याने वाजणारा. ज्या प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स जास्त आहे त्याला लावला की त्याचं ट्युनिंगच बदलतं, वर मागे सुंऽऽ असा हिस ऐकू येतो. दोन माणसं दोन प्लेअरवर ऐकून भांडत होती आणि दोघंही खरं बोलत होती. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा हा जुना नियम अजूनही धरून चाला.

तिसरं कारण वय आणि सवय. वय वाढतं तसं वरच्या फ्रिक्वेन्सी कमी ऐकू येतात, हे सगळ्यांचंच होतं. ज्या ट्रेबलने विशीतला पोरगा कान धरून बसतो तोच पन्नाशीच्या माणसाला छान मोकळा वाटू शकतो.

आणि चौथं कारण, ज्यावर बोलायला लोक कचरतात : किंमत आणि नाव आधी माहीत असणं. हरमनमधे शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर फार हुशारीने काम केलं, एकाच इअरफोनवर इक्वलायझरने वेगवेगळ्या मॉडेलचा आवाज उतरवून ऐकवला, म्हणजे ऐकणाऱ्याला आपण काय ऐकतोय ते ना दिसत होतं ना हाताला कळत होतं. २०१७ मधे येरून ब्रेबार्ट या संशोधकांनी २८३ हेडफोन मोजले आणि फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांचा संबंध लागत नाही असं दाखवलं. याचा अर्थ महाग सगळं फसवं असा नाही. याचा अर्थ एवढाच की किंमत हा पुरावा नाही. डोक्यात आधी "ओडिन" हा शब्द आणि ३४०० हा आकडा बसला की कान त्याच्या मागे धावतो, माझाही धावतो, तुमचाही धावेल, तुम्ही कितीही मुरलेले असलात तरी.

मग महागड्यात खरंच काही जास्त मिळतं का? सरळ सांगा.

माझं मत : मिळतं, पण लोक समजतात तिथे नाही. टोनॅलिटी, म्हणजे आवाजाचा एकूण तोल, हा आता सात-आठ हजारात सुद्धा उत्तम मिळतो, ट्रुथइअर हेक्सासारखी उदाहरणं आहेत. वर गेल्यावर जे मिळतं ते गुंतागुंतीच्या जागी. भजनात टाळ, मृदंग, हार्मोनियम आणि मागे पंधरा जणांचा कोरस एकदम सुरू झाला की स्वस्त आयईएममधे त्याचा एक गोळा होतो, चांगल्या महागड्यात टाळ संपून त्याची घुमत राहणारी शेपटी वेगळी ऐकू येते आणि कोरसमधे डावीकडचा माणूस किंचित बेसूर आहे हेही कळतं. हा फरक ज्याला रोज हवासा वाटतो त्याने पैसे घालावेत. ज्याला लोकलमधे, बसमधे ऐकायचंय त्याने घालू नयेत, तिथल्या आवाजात हा फरक उरतच नाही.

केबल, डोंगल, डॅक?

आधी टिप्स, मग बाकी सगळं. फोनला लावायचा साधा चांगला डोंगल (डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचं विजेच्या सिग्नलमधे रूपांतर करणारा भाग, त्यातच असतो) बहुतेक आयईएमना पुरतो. केबलमधे मी आराम, वजन आणि टिकाऊपणा बघतो. एक अपवाद आहे, फार कमी इम्पिडन्सच्या मल्टी-बीए आयईएमला केबलच्या रेझिस्टन्समुळे मोजता येण्याइतका फरक पडू शकतो. बाकी चांदी-तांब्याच्या गप्पांत मी पडत नाही. कनेक्टर, म्हणजे केबल आयईएमला जोडली जाते ती जागा, मात्र घेण्याआधी बघा, ०.७८ एमएमचा टू-पिन की एमएमसीएक्स, नाहीतर घरी आलेली केबल नुसती बघत बसावी लागेल.

शास्त्रीय आणि नाट्यसंगीत ऐकतो, कसलं ट्युनिंग घेऊ?

मधला भाग नीट असलेलं. तानपुऱ्याची जवारी ही उत्तम कसोटी आहे, कारण त्यात खर्जाच्या तारेचा पाया आणि वरचे हार्मोनिक्स दोन्ही एकदम असतात. जवारी पत्र्यासारखी वाटली तर वरचा भाग जास्त झालाय, नुसतीच गुंऽगुं ऐकू आली तर वरचा भाग कमी आहे. डग्ग्याची मींड ऐका, मिड-बेस फुगलेला असेल तर ती गायकाच्या आवाजावर चढते. आणि स, श, च ही अक्षरं ऐका, ६ ते ८ किलोहर्ट्झमधे उठाव जास्त असेल तर प्रत्येक "सा" सुईसारखा टोचतो. जुन्या रेकॉर्डिंग्ज ऐकणाऱ्यांनी तर याकडे जास्तच लक्ष द्या, त्यांत वरचा भाग आधीच खरखरीत असतो आणि फार उजळ आयईएम त्यातलं गाणं न ऐकवता खरखरच ऐकवतो.

कस्टम, म्हणजे स्वतःच्या कानाच्या मापाचा, करून घेऊ का?

स्टेजवर गात-वाजवत असाल तर जरूर. घरी ऐकणार असाल तर आधी युनिव्हर्सल, म्हणजे कोणालाही चालतील असे तयार, ऐका. कस्टमसाठी कानाचा साचा चांगल्या ऑडिऑलॉजिस्टकडूनच घ्यायचा, आणि परत विकायला गेलं तर किंमत फार पडते कारण तुमच्या कानाचा आकार दुसऱ्या कोणाच्या कामाचा नाही.

कानाला धोका?

आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसांसाठीची मर्यादा ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०. चांगलं सील झालं की बाहेरचा आवाज कमी होतो आणि व्हॉल्यूम कमी ठेवता येतो, हा आयईएमचा खरा फायदा आहे, तो घ्या. कानात शिट्टीसारखा आवाज राहायला लागला तर ऐकणं थांबवून ईएनटीला दाखवा. आणि रस्त्यावर चालताना, गाडी चालवताना घालू नका, हॉर्न ऐकू येत नाही.

आता स्पर्धेबद्दल. तुमचा आयईएम नेमका आहे तरी काय?

एका बाजूला एक १० एमएमचा डायनॅमिक ड्रायव्हर खालच्या भागासाठी, आणि एक नोल्सचा ईडी-२९६८९ बीए मधल्या-वरच्या भागासाठी, त्याच्या नळीत हिरवा १५०० ओहमचा डॅम्पर, म्हणजे आवाज थोडा दाबणारी बारीक जाळी. शेल रेझिनचं, थ्रीडी प्रिंट केलेलं. आवाज ऊबदार, गायकाचा आवाज पुढे, डग्गा भरीव, वरचा भाग सौम्य. झगमगाट हवा असेल त्यांना हा आवडणार नाही, आणि तसा तो आम्ही मुद्दामच ठेवलाय.

कंपन्या नावं ठेवतात तरी कशी?

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. जेएच ऑडिओकडे आधी जेएच१३, जेएच१६ असे कोरडे आकडे होते, मग रॉक गाण्यांतल्या बायकांची नावं आली, रोक्सॅन, लायला, अँजी, आणि लोकांच्या ती चटकन तोंडी बसली. कॅम्पफायरने आकाश धरलं, अँड्रोमेडा, व्हेगा, लायरा, ओरायन. एम्पायर इअर्सने देव धरले, झ्यूस, ओडिन. किनेराने नॉर्स पुराण धरलं, फ्रेया, इदुन, स्कुल्ड.

मला सगळ्यात आवडतं ते तांगझूचं काम. चीनमधल्या या कंपनीने तांग राजघराण्याची वंशावळच मांडलीय : युआन ली म्हणजे ६१८ मधे घराण्याची स्थापना करणारा सम्राट, शिमिन ली त्याचा मुलगा, झेत्यान वू ही सम्राज्ञी, आणि वान'अर ही तिच्या दरबारातली कवयित्री. वान'अर हा त्यांचा स्वस्तातला आयईएम, पण नाव घेतलं की माणूस डोळ्यासमोर उभा राहतो, मालाची किंमत आठवत नाही. असं आपल्या इतिहासातनं, आपल्या गाण्यातनं का येऊ नये, हाच विचार या स्पर्धेमागे आहे.

ओरिओलस या कंपनीचंही बघा. त्यांच्या ट्रायली या फार महागड्या मॉडेलचं नाव एका पक्ष्याच्या ओरिओलस ट्रायली या शास्त्रीय नावातलं, हिमालयातही दिसतो तो. आपल्याकडच्या हळद्याचा तो भाऊबंद. म्हणजे दूरच्या एका कंपनीला आपल्या झाडांवर गाणाऱ्या कुळाचं नाव घ्यावंसं वाटलं.

आकड्यांची नावं मला पटत नाहीत. यू१२टी, यू१८टी मधे आकडा म्हणजे ड्रायव्हरची संख्या, आणि गिऱ्हाईक आपोआप १८ ला १२ च्या वर ठेवतं, ऐकायच्या आधीच. नाव असं काही सुचवत असेल तर ते ऐकणाऱ्याचं नुकसान करतं.

आधी ऐकायचं की आधी नाव द्यायचं?

आधी ऐकायचं, यावर आम्ही ठाम आहोत. ऐकायला येणाऱ्या प्रत्येकाला आयईएम कोऱ्या डबीत मिळेल, आत काय आहे हे वर वाचलं असलं तरी चालेल, पण बाकीच्यांनी सुचवलेली नावं त्याला दाखवणार नाही. "वीज" असं नाव कानावर पडलेला माणूस यात वीज शोधत बसेल आणि न सापडल्यावर निराश होईल, आयईएमची त्यात काही चूक नसताना. बाहेरगावचे, परदेशातले लोक ऐकायला येऊ शकत नाहीत, त्यांनी वरचं आवाजाचं वर्णन वाचून नाव सुचवावं, त्यांच्या नावांना कमी लेखणार नाही.

कुठली नावं घेणार नाही?

देवांची नावं नकोत, ही वस्तू कानात जाते, मळते, टिप्स पुसायला लागतात, उगाच कोणाचं मन दुखायला नको. छत्रपतींचं, संतांचं, हयात कलाकाराचं नाव नको. दुसऱ्या कंपनीचं आधीपासून असलेलं नाव नको. नुसते आकडे नकोत. आणि "प्रो", "मॅक्स", "अल्ट्रा" असली शेपटं नकोत.

रागाचं नाव चालेल?

चालेल, पण विचार करून. रागाला स्वतःचा स्वभाव आणि वेळ असते, मारव्याची बेचैनी आपल्या या सौम्य आवाजाला शोभत नाही. सुचवताना दोन ओळी कारण लिहा. कारण नसलेलं नाव मोजणार नाही, मग ते कितीही गोड असो.

नाव मराठीच हवं का?

मराठी, कोकणी, मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, कुठलंही चालेल, आपल्या मातीतलं असलं म्हणजे झालं. देवनागरी आणि रोमन दोन्हीत लिहून पाठवा. रोमनमधे लिहिल्यावर ते कसं वाचलं जाईल ते तपासा, "ळ" आणि "ण" असलेल्या नावांचे फार हाल होतात. तीन अक्षरांच्या आत बसलं तर उत्तम, कारण शेलवर कोरायला जागा नखाएवढी आहे.

एकाने किती नावं पाठवायची?

एकच. खूप आवडतंय त्या एकावर भर द्या.

एकच नाव दोघांनी पाठवलं तर?

ज्याचं कारण जास्त पटेल त्याचं धरू. कारणंही सारखीच पटली तर बक्षीस दोघांना.

बक्षीस काय?

ज्याचं नाव निवडलं जाईल त्याला त्याच नावाची पहिली जोडी, त्याच्या कानाला बसतील अशा टिप्स शोधून देऊन. डाव्या शेलवर देवनागरीत नाव, उजव्यावर काही नाही.

विकणार आहात का?

नाही. ड्रायव्हर, डॅम्पर, नळीची लांबी, क्रॉसओव्हर, सगळं आम्ही उघड करणार आहोत, ज्याला जोडता येतं त्याने स्वतःचा जोडावा. डॅम्पर हिरव्याऐवजी तपकिरी, म्हणजे १००० ओहमचा लावलात तर वरचा भाग थोडा मोकळा होईल, तो प्रयोग जरूर करा आणि काय ऐकू आलं ते कळवा, फक्त तेव्हा नाव तेच ठेवू नका, कारण तो वेगळा आयईएम झाला.